दादाची मिसिंग : १७ जानेवारी ते ३ नोव्हेंबर

दादा घरी आला नाही त्या जानेवारीतल्या रात्री दोन वाजता मी मोबाईलवर "माणूस घरी आला नाही तर काय करायचं" असं शोधत होते. मराठीत कामाचं काहीच सापडलं नाही. मोठमोठ्या खुनांच्या बातम्या तेवढ्या सापडल्या. आता नऊ-दहा महिन्यांनी सगळे कागद हातात आल्यावर हे लिहायला बसले आहे. आम्ही ठाणे जिल्ह्यात राहतो. गावाचं, पोलीस ठाण्याचं, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणावर राग काढायला हे लिहिलेलं नाही. जे आम्हाला फार उशिरा कळलं ते दुसऱ्या कोणाला पहिल्या दिवशी कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं आहे.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. माझा दादा (वय ४१) भिवंडीजवळच्या एका गोडाऊनमध्ये हिशेब बघायचा. पावणेआठला त्याने वहिनीला फोन केला, "निघतोय. बॅटरी संपत आलीये. वह्या घेऊन येतो." भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, शाळेसाठी वह्या हव्या होत्या. गोडाऊनपासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा आणि तिथून लोकल, असा त्याचा रोजचा प्रवास. नऊ-सव्वानऊला तो घरात असायचा. दहा वाजता वहिनीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज अजून शांत होता. साडेअकराला ती आणि आई जिन्यात उभ्या होत्या, आणि मी रिक्षाने त्यांच्याकडे निघाले होते.

रात्री दीड वाजता पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, मोठा माणूस आहे. मित्राकडे थांबला असेल. चोवीस तास होऊ द्या, मग बघू." आम्ही परत आलो. आजही मला त्या परत येण्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. चोवीस तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. माणूस सज्ञान असो वा लहान, हरवल्याची तक्रार त्याच क्षणी देता येते आणि पोलिसांनी ती घ्यायची असते. हरवलेलं मूल अठरा वर्षांखालचं असेल तर अपहरण धरून थेट गुन्हाच दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसं सांगून ठेवलं आहे. सज्ञान माणसाची मात्र 'मिसिंग', म्हणजे हरवल्याची नोंद, दाखल होते. तिला पैसे लागत नाहीत. टाळाटाळ झालीच, तर तिथेच उभं राहून ११२ ला फोन करा, तुमच्या फोनची नोंद तरी होते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

१८ तारखेला सकाळी आठला पुन्हा गेलो. ड्युटी बदलली होती. एक हवालदार मॅडम होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि दीड तास बसून मिसिंग लिहून घेतली. मला वाटलं होतं नाव, वय, फोटो एवढंच लागेल. त्यांनी विचारलं ते असं : उंची किती, बांधा कसा, रंग, नाक, केस, मिशी, बोली कुठली, अंगावर काय दागिना, पायात काय, खिशात काय, व्यसन, आजार, कोणाशी भांडण, कोणाचं देणं, कुठली बँक, फोनचा आयएमईआय नंबर. तो नंबर मोबाईलच्या खोक्यावर असतो. आमच्या नशिबाने खोकं माळ्यावर होतं.

मग विचारलं, "कपडे?"

वहिनी सकाळी सहाला डबा करून पुन्हा आडवी झाली होती, तिने त्याला जाताना बघितलंच नव्हतं. आई म्हणाली, "निळा." शुक्रवारी तो निळा घालायचा. मी लगेच म्हटलं, "हो, निळा शर्ट." मॅडमनी लिहिलं : अंगात निळ्या रंगाचा फुल शर्ट, काळी पँट.

ओळखीची खूण म्हणून आम्ही सांगितलं, डाव्या पायावर जुन्या जखमेचा व्रण. २०११ मध्ये त्याचा बाईकवरून अपघात झाला होता आणि नडगीत स्टीलची पट्टी बसवली होती, ती कधी काढलीच नाही. पण 'पट्टी' हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून आला नाही. चौदा वर्षांत ती पट्टी आम्ही विसरून गेलो होतो.

मिसिंगची प्रत मागून घ्या. त्यावर नंबर, तारीख आणि तपास कोणाकडे आहे ते असतं. पुढे कुठेही गेलात, तरी पहिला प्रश्न "मिसिंग नंबर?" हाच येतो. मी त्या कागदाच्या वीस झेरॉक्स काढल्या आणि फोटोच्या चाळीस प्रती. फोटो लग्नातला देऊ नका. आम्ही आधी तोच दिला होता, फेटा बांधलेला. मॅडमनीच परत केला. "असा तो रस्त्यावर दिसणार आहे का?" म्हणाल्या.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातं.

१८ आणि १९ तारखेला मी आणि माझा नवरा हॉस्पिटलं पालथी घातली. सरकारी, पालिकेची, खासगी. दोन दिवसांत अकरा. प्रत्येक ठिकाणी खिडकीवर मी दादाचं नाव सांगायचे. आतला माणूस कॉम्प्युटरवर टाकायचा आणि म्हणायचा, "या नावाचा पेशंट नाही." मी "थँक्यू" म्हणायचे आणि पुढच्या हॉस्पिटलकडे निघायचे. त्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, त्या वेळी दादा होता. जिवंत होता. डोक्याला मार लागून बेशुद्ध होता आणि कागदावर त्याचं नाव होतं 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४५ ते ५०'.

हे मला तीन महिन्यांनी कळलं.

कोणी हॉस्पिटलमध्ये शोधायला निघालं असेल तर कृपा करून नाव विचारू नका. विचारायचं असं : "काल संध्याकाळपासून कोणी अनोळखी पेशंट आलाय का? एमएलसी रजिस्टर बघू द्याल का?" अपघाताचा, मारामारीचा, विषबाधेचा पेशंट आला की मेडिको-लीगल केस म्हणून त्याची वेगळी नोंद होते, आणि ती कॅज्युअल्टीत असते, चौकशीच्या खिडकीवर नसते. कॅज्युअल्टीच्या दारात बहुधा पोलिसांचीही चौकी असते. तिथे फोटो दाखवा. मग आयसीयू, मग शवागार. शवागारात विचारायला माझी जीभ रेटली नाही, ते अपशकुनी वाटलं. माझ्यासारखं करू नका.

तिसऱ्या दिवशी, २० तारखेला, इस्त्रीवाल्याने कपड्यांचा गठ्ठा आणून दिला. त्यात निळा शर्ट होता. वहिनीने तो धरून ठेवला आणि तशीच खाली बसली. कपाट उपसल्यावर कळलं की राखाडी चौकड्यांचा शर्ट नाहीये. मी लगेच पोलीस ठाण्यात फोन केला. मॅडम रजेवर होत्या. ज्यांनी फोन घेतला ते म्हणाले, "बरं, सांगतो साहेबांना." मी त्यावर विश्वास ठेवला. एखादी माहिती बदलली तर फोनवर सांगून भागत नाही. जाऊन 'पुरवणी जबाब' द्यायचा, सही करायची आणि हरवलेल्याचं वर्णन इतर पोलीस ठाण्यांना कळवणारा बिनतारी संदेश सुधारून पुन्हा पाठवा असं तोंडाने म्हणायचं. हे दोन शब्द, पुरवणी जबाब, मला तेव्हा माहीत असते तर.

आठवड्याभरात टॉवर लोकेशन आलं. शेवटचा टॉवर गोडाऊनजवळचाच होता. बॅटरी संपली म्हणून तो तिथेच शेवटचा होता, हे आज सरळ दिसतं. तेव्हा मात्र सगळ्यांचा अर्थ एकच झाला, की जे काही घडलं ते गोडाऊनवरच घडलं. दादाचा डिसेंबरमध्ये मालकाशी हिशेबावरून वाद झाला होता. मग नातेवाइकांच्या कल्पनांना पंख फुटले. दिल्लीत जिचा खून करून तुकडे केले होते त्या श्रद्धा वालकरचं नाव कोणी काढायचं, कोणी आणखी कुठलं. काका रोज टीव्हीवरची कुठली तरी क्लिप पाठवायचे. आईच्या देखत लोक तुकड्यांबद्दल बोलायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण ज्या घरातला माणूस सापडत नाही त्या घरात जाऊन अशी उदाहरणं देऊ नयेत एवढंच मला म्हणायचं आहे. पोलिसांनी मालकाला दोनदा बोलावलं, कामगारांचे जबाब घेतले. गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागायला आम्ही गेलो तो अठरावा दिवस होता. मशीन पंधरा दिवसांचंच साठवत होतं. त्यात दादा बाहेर पडताना दिसला असता. रिक्षात बसताना दिसला असता. राखाडी शर्ट दिसला असता. कॅमेरा कुठे दिसला तर त्याच दिवशी मालकाला हात जोडा, पेनड्राइव्ह बरोबर ठेवा आणि पोलिसांनाही लेखी द्या की अमुक ठिकाणचं फुटेज ताब्यात घ्यावं.

फेब्रुवारीत पैसा पाण्यासारखा गेला. दोन हजार पत्रकं छापली, त्यावर माझा नंबर टाकला. पाचव्या दिवशी फोन आला की तुमचा भाऊ नाशिकला एका धर्मशाळेत आहे, आजारी आहे, औषधाला पाच हजार पाठवा. मी पाठवले. त्यानंतर नंबर बंद. पत्रकावर घरचा नंबर टाकू नका, वेगळं सिम घ्या, आणि पैसे मागणाऱ्याला एवढंच म्हणा की आत्ता व्हिडिओ कॉल करा. एका खासगी डिटेक्टिव्हला पंधरा हजार आगाऊ दिले. त्याने जे आणून दिलं ते पोलिसांकडे आधीच होतं. वकिलांनाही भेटलो. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, टाकता येतो का विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की कोणी त्याला डांबून ठेवलंय असं दाखवणारं तुमच्याकडे काही नाही, पैसे वाचवा. त्यांनीच दुसरं एक सांगितलं ते ऐकून वहिनी खुर्चीत आक्रसली. माणूस सापडला नाही आणि देहही मिळाला नाही, तर सात वर्षं झाल्याशिवाय कायदा त्याला मृत मानत नाही. आधीच्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. तोवर विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्याला हात लावता येत नाही. वहिनीचं वय ३६. भाचा नऊ वर्षांचा.

त्याच महिन्यात बातमी आली की श्रद्धा वालकरचे वडील वसईत वारले. २०२२ मध्ये मुलीशी संपर्क होत नाही म्हणून वसईत तक्रार देणारे तेच. दिल्लीच्या मेहरौलीच्या जंगलात सापडलेल्या हाडांचा डीएनए त्यांच्याच रक्ताशी जुळला होता. खटल्याचा पुरावा म्हणून त्या अस्थी त्यांच्या हाती आल्या नाहीत, आणि अंत्यसंस्कार करायचे राहूनच गेले. आईने ती बातमी पेपरात दोनदा वाचली. मग पेपर घडी करून देवघराखाली ठेवला. मला काही बोलली नाही.

मार्चमध्ये एका गुरुजींनी सुचवलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो. आई म्हणाली, "माझ्या लेकाचं काय झालं ते मला कळू दे. मग मी पानांचं करीन नाहीतर मातीचं करीन." वहिनी मंगळसूत्र घालून शाळेत मुलाला सोडायला जायची आणि बायका तिच्या गळ्याकडे बघायच्या.

२१ एप्रिलला, सोमवारी, अश्विनी बिद्रे खून प्रकरणात पनवेलच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. नवी मुंबईतली ही सहायक पोलीस निरीक्षक २०१६ च्या एप्रिलमध्ये नाहीशी झाली. ती स्वतः पोलीस असूनही तिच्या घरच्यांना तक्रारीमागे धावावं लागलं. तिच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याला अटक व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला आणि जन्मठेप व्हायला २०२५. देह शेवटपर्यंत मिळाला नाही. मी त्या रात्री त्या बातम्या वाचत बसले होते, आणि मागे-मागे जाता-जाता शीना बोराच्या प्रकरणापाशी पोचले. २०१२ च्या मे महिन्यात पेण तालुक्यातल्या जंगलात एक जळालेला देह सापडला होता. तो शीनाचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं ते २०१५ मध्ये. मधल्या तीन वर्षांत तिच्या नावाची मिसिंगच कुठे नव्हती, त्यामुळे त्या हाडांना जोडायला दुसरं टोक नव्हतं. हा खटला अजून चालू आहे, त्यामुळे कोणी काय केलं याबद्दल मी बोलत नाही. मला त्या रात्री एवढंच लख्ख दिसलं की हरवलेल्यांची एक वही असते आणि सापडलेल्या बेवारस देहांची दुसरी. एक वही एका पोलीस ठाण्यात, दुसरी दुसऱ्या. आमचं टोक पहिल्या वहीत होतं. दुसरी वही आम्ही उघडलीच नव्हती.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह, दोन्हींच्या याद्या बघता येतात. मी फेब्रुवारीत त्या बघितल्या होत्या, पण आमच्या शहर पोलिसांच्या हद्दीतल्या आणि निळा शर्ट धरून. दादा रोज लोकलने येणारा माणूस. रुळांवर, फलाटावर, डब्यात जे घडतं ते शहर पोलिसांकडे जात नाही, ते लोहमार्ग पोलिसांकडे जातं. त्यांचं मुंबईचं आयुक्तालयच वेगळं आहे, ठाणी वेगळी, रजिस्टरं वेगळी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यातल्या कित्येकांच्या खिशात नाव सांगणारं काही नसतं. हे आम्हा लोकलवाल्यांना माहीत असतं आणि तरी आपल्या माणसाशी त्याचा संबंध आपण जोडत नाही.

२४ एप्रिलला मी दोन लोहमार्ग ठाण्यांत जाऊन आले. २५ ला, शुक्रवारी, तिसऱ्या. तिथल्या हवालदारांनी तारीख विचारली, "१७ जानेवारीनंतर?" आणि कपाटातून अकस्मात मृत्यूचं रजिस्टर आणि एक जाड अल्बम काढला. अल्बमची पानं ते स्वतः उलटत होते. बायका, लहान मुलं, ज्यांचे चेहरे बघवणार नाहीत असे फोटो ते तळव्याने झाकायचे आणि पान पुढे न्यायचे. एका पानावर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि हात उचलला.

चेहरा सुजलेला होता. मी ठामपणे "हाच" म्हणू शकले नाही. खाली वेगळ्या फोटोत कपडे होते, हॉस्पिटलने कात्रीने कापलेले. राखाडी चौकडा शर्ट. शेजारी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं : २० जानेवारी, पहाटे, उपचार चालू असताना मयत. हवालदार शवविच्छेदनाचा अहवाल वाचत होते, आणि वाचता-वाचता म्हणाले, "डाव्या नडगीत स्टीलची पट्टी आहे, सहा स्क्रू."

मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, "माळ्यावरून दादाचा जुना एक्स-रे काढ." एवढंच बोलता आलं.

१७ जानेवारीला रात्री सव्वाआठच्या सुमारास तो चालत्या गाडीतून पडला होता. पाकीट सापडलं नाही. पास मोबाईलच्या ॲपवर होता आणि मोबाईलही नव्हता. देह पंधरा दिवस शवागारात ठेवला होता, त्यांनी सगळीकडे संदेश पाठवले होते. आमच्या पोलीस ठाण्यातही तो संदेश पोचला होता : वय ४५ ते ५०, राखाडी शर्ट. आमच्या मिसिंगमध्ये होतं वय ४१, निळा शर्ट. ४ फेब्रुवारीला त्यांनी देह दफन केला होता. जाताना हवालदार म्हणाले, "ताई, बेवारस म्हणून टाकून दिला नाही. आम्ही चौघं होतो." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

एक्स-रेतली पट्टी आणि हॉस्पिटलच्या एक्स-रेतली पट्टी डॉक्टरांनी जुळवली. तरीही नुसत्या खुणेवर नाव चढत नाही, डीएनए लागतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी दात आणि मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवला होता, म्हणून पुन्हा उकरावं लागलं नाही. आई-वडील किंवा मुलं यांचा नमुना भावंडांपेक्षा चांगला, म्हणून आईचं रक्त घ्यायचं ठरलं. २९ एप्रिलला सरकारी रुग्णालयात बोलावलं. आईचा फोटो लावलेला फॉर्म, आधार, दोन पंच, पोलीस, डॉक्टर. पैसे काही लागले नाहीत. आईची शीर सापडत नव्हती, नर्सने तिसऱ्यांदा टोचलं. मग नळीला चिठ्ठी लावली, पाकिटात घातली आणि पोलिसांनी मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर सील उठवलं. आई ते लाल थेंब पडताना बघत होती. म्हणाली, "राखीपौर्णिमेला असंच पाकीट यायचं ना गं तुझं त्याला, हॉस्टेलवर असताना?" मी तेव्हा पाकिटाला मेणबत्तीचं मेण लावायचे. मी विसरले होते.

अहवालाला तीन-चार महिने लागतील असं आधीच सांगितलं होतं. ते चार महिने आमच्या घरात एक विचित्र गोष्ट चालू राहिली. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ९ जूनला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, टीव्हीवर दिवसभर तेच. वहिनीने उठून टीव्हीची वायर काढली. तिने दादाची चादर धुतली नव्हती, ती त्या दिवशी धुतली.

थांबलेल्या दिवसांत एक काम करता येतं, कागद जमवायचे. मिसिंगची प्रत, अकस्मात मृत्यूचा नंबर, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, हॉस्पिटलचे केसपेपर, दफनाची पावती. प्रत्येकासाठी साधा अर्ज, वर नंबर, खाली पोच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी एक शंभर पानी वही केली होती. तारीख, कोणाला भेटले, काय म्हणाले, पुन्हा कधी या. शेवटी त्या वहीनेच आम्हाला वाचवलं, कारण दोनदा तपास अंमलदार बदलले आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

१२ सप्टेंबरला फोन आला. जुळला.

त्या रात्री आईने पहिल्यांदा मोठ्याने हंबरडा फोडला, आणि आम्ही तिला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. उकरायची परवानगी मागता येईल असं कळलं होतं. आई जमिनीशेजारी बसली, बराच वेळ. मग म्हणाली, "झोपू दे." तिथली थोडी माती आणली आणि विधी केले. तेराव्याला भाच्याने विचारलं, बाबाने वह्या घेतल्या होत्या का. हॉस्पिटलच्या यादीत वह्या नव्हत्या. मी त्याला "घेतल्या होत्या" म्हटलं.

पुढचं भराभर सांगते. लोहमार्ग पोलिसांनी हॉस्पिटलला आणि पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाला पत्र दिलं, अहवाल जोडला आणि 'अनोळखी पुरुष'च्या जागी नाव चढलं. पाच फेऱ्या झाल्या. मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या पालिकेकडून मिळतो, राहत्या गावाकडून नाही. दहा प्रती घ्या, बँक, विमा, शाळा, रेशन, सगळे मूळ प्रत बघायला मागतात. नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून खिडकीतच तपासा. रेल्वेतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, आठ लाख रुपये, आणि अर्ज घटनेपासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. तो प्रवासी होता हे दाखवावं लागतं. दादाचा नंबर वहिनीच्या नावावर नवीन सिमवर घेतला आणि ॲपवर पासची नोंद मिळाली. ऑक्टोबरमध्ये दावा दाखल केला, तो चालू आहे.

शेवटचं काम राहिलं होतं ते आमच्या पोलीस ठाण्यातलं. माणूस मिळाला की मिसिंग बंद करावी लागते, त्यासाठी जबाब द्यावा लागतो. ३ नोव्हेंबरला आई, वहिनी आणि मी गेलो. त्याच हवालदार मॅडम होत्या. त्यांनी आईला ओळखलं, उठून उभ्या राहिल्या. जबाब लिहिला, वाचून दाखवला, आईने सही केली. मग त्यांनी मिसिंगचं रजिस्टर काढलं आणि दादाच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात लाल पेनने लिहिलं : मिळून आला, मयत.

आई म्हणाली, "मला बघू द्या."

मॅडमनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. आईने चष्मा लावला आणि बोट ठेवून ती ओळ पहिल्यापासून वाचली. नाव, वय, उंची, बांधा. वर्णनाच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"इथे अजून निळाच लिहिलाय," ती म्हणाली. "तो राखाडी होता, चौकड्यांचा. ते नीट करा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पेन उचललं. निळ्यावर एक रेघ मारली, वर बारीक अक्षरांत 'राखाडी चौकडा' लिहिलं, बाजूला सही केली आणि तारीख घातली. आईने ते पुन्हा एकदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.